वडिलांची कॅसेट कंपनी: मास्टर टेप सापडल्या, वहीत गायकांची नावे मात्र नाहीत

वर्धेकाठ:

नमस्कार. माझ्या वडिलांनी १९८७ ते २००४ या काळात आर्वी तालुक्यातील आमच्या गावातून एक लहानशी कॅसेट कंपनी चालवली. 'कंपनी' हा शब्द ते स्वतःही थोडे हसूनच उच्चारत, कारण तिचे कार्यालय म्हणजे आमच्या घराची पुढची खोली, गोदाम म्हणजे धान्याच्या कोठीशेजारची दोन लोखंडी कपाटे आणि कर्मचारी म्हणजे ते, आई व सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे भावंडे. इनले कार्डाला, म्हणजे कॅसेटसोबतच्या छापील कागदाला, घडी घालून ते प्लास्टिकच्या डबीत बसवण्याचे काम माझ्याकडे होते. घडी उलटी गेली की ती डबी मोजणीतून वजा होत असे. खंजिरी भजने, भुलाबाईची गाणी, पोळ्याच्या झडत्या (पोळ्याला म्हणायची कवने), भीमगीते आणि दंडार या लोकनाट्यातील काही गाणी असा त्यांचा माल होता.

वडील दोन वर्षांपूर्वी गेले. यंदा उन्हाळ्यात कपाटे उघडली, तेव्हा पाव इंची टेप गुंडाळलेल्या सात इंची चकत्या, म्हणजे स्पूल, ज्यांवरून नकला काढत त्या काही मास्टर कॅसेट आणि लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही सापडली. वहीत आर्वी, पुलगाव, धामणगाव, चांदूर अशा गावांतील दुकानदारांची नावे, त्यांची उधारी, एसटीने पाठवलेली पार्सले आणि परत आलेला माल यांचा काटेकोर हिशेब आहे. गायकांच्या नोंदी मात्र अशा आहेत: 'भजन मंडळ, जेवण व जाणे-येणे'. त्यापुढे एक रक्कम, आणि नाव कुठेही नाही.

ज्यांनी विदर्भातील खेड्यापाड्यांत किंवा तालुक्याच्या गावी अशी कंपनी चालवली, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या आठवणी येथे लिहाव्यात. एक माणूस सतरा वर्षे हा व्यवसाय करतो, त्यातून घर बांधत नाही, कर्जबाजारीही होत नाही, हे गणित मला वहीवरून उलगडत नाही. शिवाय या स्पूल आता वाजवता येतील का, आणि त्यातील गाणी पुन्हा लोकांपुढे आणायची झाल्यास ती कोणाची मानायची, हेही जाणून घ्यायचे आहे.

जुना कॅसेटवाला:

आपला प्रश्न वाचून माझी स्वतःची वही आठवली. ती माझ्या सुनेने रद्दीत दिली आणि मी तेव्हा काही बोललो नाही. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी १९८९ ते २००५ हाच व्यवसाय केला. आपल्या वडिलांची आणि माझी ओळख नव्हती, तरी गणित एकच असणार, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की आमचे वर्ष जानेवारीत सुरू होत नसे. ते पोळ्याला सुरू होई. पोळ्याच्या आधी झडत्यांची कॅसेट, भाद्रपद-आश्विनात भुलाबाई, दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर भीमगीते, त्यानंतर गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला भजने, २० डिसेंबरला अमरावतीत गाडगेबाबांची पुण्यतिथी, मग बहिरमची यात्रा, माघात शेगावचा प्रकटदिन, आणि १४ एप्रिलला पुन्हा भीमगीते. त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत सगळे थंड. कॅसेट गाण्यामुळे खपते असे बाहेरच्या माणसाला वाटते, पण ती ज्या दिवशी गर्दीत पोहोचली पाहिजे त्या दिवशी पोहोचली तरच खपते. मोझरीला एका वर्षी माझे इनले कार्ड छापखान्यातून दोन दिवस उशिरा आले आणि तो हजाराचा माल मी पुढची तीन वर्षे विकत होतो.

दुसरी गोष्ट चुकाऱ्याची, म्हणजे विकलेल्या कापसाच्या मिळणाऱ्या पैशांची. त्या काळी कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदी योजनेत जात असे आणि शेतकऱ्याला पैसा एकदम मिळत नसे. माझे दुकानदार मला सरळ सांगत, "भाऊ, चुकारा झाला की देतो." शेतकऱ्याचा चुकारा अडला की किराणा दुकानाची उधारी अडे, ती अडली की कॅसेटच्या दुकानदाराची अडे आणि त्याच्यामागे मी. मला मात्र कोऱ्या टेपचा व्यापारी रोखीशिवाय माल देत नव्हता. एका बाजूला रोख आणि दुसऱ्या बाजूला चुकारा, या दोहोंमधल्या चार-सहा महिन्यांत आपल्या वडिलांचा नफा गेला आहे. वहीत तो वेगळा दिसणार नाही.

जाहिरातीसाठी आमच्याकडे ना वर्तमानपत्र होते, ना रेडिओ. आमची आकाशवाणी म्हणजे मांडव आणि भोंगे भाड्याने देणारी गावोगावची बिछायत केंद्रे. लग्नाच्या मांडवात, जयंतीच्या मिरवणुकीत, शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, भोंग्यावर कोणते गाणे वाजवायचे हे बिछायतवाला ठरवत असे. म्हणून प्रत्येक नव्या कॅसेटच्या पहिल्या पन्नास प्रती मी बिछायतवाल्यांना फुकट देई, आणि त्यांच्या भोंग्यावर जे गाणे नीट वाजणार नाही ते कॅसेटच्या सुरुवातीला ठेवत नसे. भोंग्यातून खालचे स्वर जवळजवळ ऐकूच येत नाहीत; खंजिरीची थाप, टाळ आणि उंच पट्टीतला गळा तेवढा दोन कोसांवर जातो. आमच्या कॅसेट घरात ऐकताना कर्कश वाटतात, याचे कारण त्या घरासाठी केलेल्याच नव्हत्या.

गाण्यांचा क्रम लावणे हे आमचे खरे कसब होते. सगळ्यात दमदार गाणे पहिल्या बाजूला पहिले, आणि दुसऱ्या क्रमांकाचे दुसऱ्या बाजूला पहिले, कारण दुकानात गिऱ्हाईक कॅसेट उलटून दोन्ही बाजूंची सुरुवातच ऐकत असे. बाजूच्या शेवटी जे भजन येई, त्याचे नशीब टेपच्या लांबीवर सोडलेले असे.

मोठ्या कंपन्यांबद्दल लोक कडवटपणे बोलतात, मला तसे वाटत नाही. ऐंशीच्या दशकात टी-सीरीजने स्वस्त कॅसेट किराणा दुकानापर्यंत आणि पानठेल्यापर्यंत पोहोचवली, घरोघरी टेपरेकॉर्डर आले, आणि त्यामुळेच आमच्यासारख्यांना बाजार मिळाला. आमचा घात एमपीथ्री सीडीने केला. एका सीडीवर शंभर-दीडशे गाणी बसू लागली, यात्रेत शेजारच्या हातगाडीवर माझ्याच आठ कॅसेट एका सीडीत विकायला होत्या आणि विकणारा मुलगा इतका अजाण होता की त्याने मलाच ती घेण्याचा आग्रह केला. मी घेतली. अजून घरी आहे.

गायकांविषयी आपण विचारले आहे, त्याचे उत्तर मला टाळता आले असते तर बरे झाले असते. मीही तसेच केले. जाण्या-येण्याचे भाडे, जेवण, मंडळाला एक रक्कम, प्रत्येकाला पाच-पाच कॅसेट. तेव्हाची पद्धतच ती होती असे म्हणता येते, पण पद्धत पाडणाऱ्यांत आम्हीच होतो.

स्पूल ते संगणक:

मी नागपुरात पूर्वी ध्वनिमुद्रण आणि कॅसेट-नकला यांचे काम करत असे, आता जुन्या टेप संगणकावर उतरवून देतो. सर्वप्रथम एक विनंती: उत्साहाच्या भरात त्या स्पूल कोणत्याही जुन्या यंत्रावर चढवू नका. आपल्याकडचा मे महिना आणि त्यानंतरचा पावसाळा, या दोन्हींतून वीस-तीस वर्षे गेलेल्या टेपवर बुरशी असू शकते. ती यंत्रातून पुढच्या टेपला लागते. स्पूलच्या कडेला पांढुरकी भुकटी दिसते का, टेपला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो का, आणि उलगडताना थर एकमेकांना चिकटतात का, एवढेच पाहून ठेवा आणि मला किंवा अन्य जाणकाराला कळवा. टेप मंद उष्णतेवर 'भाजून' चिकटपणा घालवण्याचे सल्ले आपल्याला वाचायला मिळतील. तो उपाय विशिष्ट प्रकारच्या टेपलाच लागू आहे आणि जुन्या ॲसिटेट टेपची त्याने वाट लागते. स्वयंपाकघरात तो प्रयोग करू नये.

उतरवताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात उतरवावे. तासाला साधारण एक जीबी जागा लागते, जी आज काहीच नाही. 'खरखर काढून द्या' असे कोणालाही सांगू नका. खरखर नंतर केव्हाही काढता येईल, पण तिच्यासोबत गेलेला टाळांचा आवाज परत येणार नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. सात इंची स्पूलवर बाराशे फूट टेप मावते आणि साडेसात इंच प्रतिसेकंद या वेगाने ती ३२ मिनिटे चालते. कॅसेटची एक बाजू साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये ३० मिनिटांची असते. परंतु लहान कंपन्या साठ मिनिटांची टेप भरत नसत. आम्ही मोठ्या चकतीवरून कोऱ्या डब्यांत टेप मोजून भरत असू, आणि मालकाने सांगितले की दर बाजूला पाच मिनिटे कमी करत असू. पाच मिनिटे म्हणजे सुमारे सव्वाचौदा मीटर टेप. हजार कॅसेटमागे चौदा किलोमीटरहून अधिक. रोख पैसे देऊन टेप विकत घेणाऱ्या माणसाला हे चौदा किलोमीटर स्वप्नात दिसत. परिणाम असा होई की बाजूचे शेवटचे भजन मध्येच तुटे, आणि नकला काढणारा आवाज हळूहळू कमी करून तो तुटलेपणा झाकत असे. हे काम मी स्वतः पुष्कळ वेळा केले आहे. म्हणून सांगतो, आपल्या स्पूलवर कॅसेटपेक्षा अधिक काही असण्याची शक्यता मोठी आहे. बाजारातली प्रत मिळाली असेल तर ती आणि स्पूल शेजारी ठेवून ऐका.

आणखी एक. मुद्रण गावातच जनरेटरवर झाले असेल तर पट्टी तपासून घ्या. त्या यंत्रांची मोटर विजेच्या वारंवारितेवर चालत असे. जनरेटर ५० ऐवजी ४७ हर्ट्झवर आला की टेप सहा टक्के हळू फिरे आणि नंतर योग्य वेगाने वाजवल्यावर सगळे गाणे अर्धा स्वर चढलेले ऐकू येई. पेटीच्या काळी एक या पट्टीत गायलेले भजन तिच्या लगतच्या वरच्या पांढरी दोनमध्ये. मंडळाची पेटी कोणत्या पट्टीत वाजत असे, हे सांगणारा कोणी हयात असेल तर त्याला आधी शोधा.

कोर्टाच्या वाटेवर:

मी वर्धा जिल्ह्यात वकिली करतो. कागद पाहिल्याशिवाय निश्चित मत देता येत नाही, तरी सर्वसाधारण स्थिती सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते मुद्रण करवून घेणाऱ्या निर्मात्याकडे, म्हणजे आपल्या वडिलांकडे व आता वारसांकडे असतो आणि प्रसिद्धीनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. १९८९ मधली कॅसेट असेल तर २०४९ अखेरपर्यंत. परंतु हा हक्क त्या मुद्रणापुरता आहे. गीताच्या शब्दांचा हक्क कवीचा असतो आणि तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. उदाहरणार्थ, तुकडोजी महाराजांचे निर्वाण १९६८ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या रचनांचा विचार याच हिशेबाने करावा लागेल. कवीने हक्क कंपनीला दिला असे म्हणायचे तर लेखी व सही केलेला कागद हवा. 'जेवण व जाणे-येणे' ही नोंद तसा कागद ठरत नाही.

इनले कार्डावर 'पारंपरिक' छापलेले आहे म्हणून रचना पारंपरिक ठरते असेही समजू नये. अनेकदा ज्याला विचारायचे राहिले त्याच्या नावाच्या जागी हा शब्द छापला जात असे. आपण रचनेचे कर्ते आहोत हे सांगण्याचा कवीचा अधिकार कलम ५७ खाली स्वतंत्र आहे, आणि बाकीचे हक्क त्याने विकले तरी तो जात नाही. सिनेमाच्या चालीवर बांधलेली भजने असतील तर ती तूर्त बाजूला ठेवलेली बरी. यूट्यूबवर टाकताच चालीच्या मालकांचा दावा येतो.

खंजिरीवाला:

मी या चर्चेत सहसा लिहीत नाही, वाचतो. मी तिवसा तालुक्यातला आहे आणि १९९१ मध्ये आमच्या भजन मंडळाची कॅसेट नदीपलीकडच्या एका कंपनीने काढली होती. वर्धा नदी ओलांडून आम्ही नऊ जण गेलो होतो, श्रावण संपत आला होता, आणि हवेतील ओलाव्याने खंजिरीचे कातडे सैल पडत होते, म्हणून दर भजनानंतर एक जण मागच्या अंगणात जाऊन ती चुलीवर शेकून आणत असे. एका बाईंनी त्या चुलीवरचा स्वयंपाक थांबवून आम्हाला जागा करून दिली होती. मुद्रण जनरेटरवर झाले, कारण वीज गेलेली होती. जनरेटरचा आवाज येऊ नये म्हणून तो शेजारच्या गोठ्यामागे नेला होता. ते घर आपलेच असेल तर त्या बाई आपल्या आई असाव्यात.

पैशाविषयी माझी तक्रार नाही असे मी म्हणणार नाही. आम्हाला एकदा रक्कम मिळाली, ती मंडळाच्या टाळांसाठी खर्च झाली, आणि त्यानंतर आमचा आवाज आम्ही लग्नाच्या मांडवांत, एसटी स्टँडवर, एकदा तर दवाखान्याच्या बाहेर ऐकला. त्याचे काहीच मिळाले नाही. पण माझ्या मनात राहिले ते वेगळेच आहे. दुसऱ्या बाजूचे शेवटचे भजन माझ्या वडिलांनी रचलेले होते. आमच्याकडे रचना करणाऱ्याचे नाव शेवटच्या कडव्यात येते, हे सर्वांना ठाऊक आहे. कॅसेट तिसऱ्या कडव्याच्या मध्यात आवाज कमी होत संपते. कार्डावर 'पारंपरिक' छापले होते. वडील १९९६ मध्ये गेले, त्यांची वही घर पडले त्या पावसात भिजली, आणि आज ते भजन गाणारी मुले कॅसेटवरून शिकलेली असल्यामुळे तिसऱ्या कडव्याच्या मध्यातच थांबतात. त्यांना वाटते, ते तेवढेच आहे. मला चौथे कडवे अर्धे आठवते.

वर सांगितले आहे म्हणून कळवतो: आमची पेटी काळी एकमध्ये वाजत असे.

जुना कॅसेटवाला:

खंजिरीवाले भाऊ, आपल्या मंडळाची ती कॅसेट माझ्या गावच्या बिछायतवाल्याकडे होती, असे वर्णनावरून वाटते. दुसरी बाजू तो शेवटपर्यंत वाजवत नसे. वर्धेकाठ यांनी १९९१ च्या स्पूल आधी तपासाव्यात.

वर्धेकाठ:

उत्तर द्यायला अडीच महिने लागले, त्याबद्दल क्षमस्व. आईला खंजिरीवाले दादांचा मजकूर वाचून दाखवला. चूल तिला आठवते. नऊ माणसे होती हेही आठवते, कारण भाकरी कमी पडल्या होत्या आणि तिने शेजारून पीठ आणले होते. जनरेटर गोठ्यामागे ठेवल्यामुळे आमची गाय दोन दिवस दूध देईना, हे मला नव्याने कळले.

स्पूल घेऊन मी नागपूरला गेलो. एकूण एकतीसपैकी चार बुरशीमुळे बाजूला ठेवाव्या लागल्या, बाकीच्या उतरल्या. १९९१ च्या डबीवर वडिलांच्या अक्षरात फक्त 'तिवसा, बाजू दोन' असे लिहिलेले आहे. पहिल्यांदा वाजवली तेव्हा भजने पांढरी दोनमध्ये ऐकू आली. वेग उतरवून काळी एकवर आणल्यावर गायकांचे गळे एकदम पोक्त झाले. कॅसेटची दुसरी बाजू सव्वापंचवीस मिनिटांत संपते. स्पूल त्यानंतर तीन मिनिटे पुढे जाते. तिसरे कडवे पूर्ण होते, चौथे येते, त्यातील शेवटच्या ओळीआधी खंजिरी एक थाप थांबते आणि नाव स्पष्ट ऐकू येते. नंतर कोणीतरी पाणी मागतो, आणि दूरवर गाय हंबरते.

ते नाव मी येथे लिहीत नाही. दादा, ते आपण आधी ऐकावे असे आईचे म्हणणे आहे. वकील साहेबांनी सुचवल्याप्रमाणे लेखी कागदाचा मसुदा करून घेतला आहे, त्यात रचनाकाराच्या जागी कोरी ओळ सोडली आहे. येत्या रविवारी आम्ही दोघे नदी ओलांडून येत आहोत. वाजवायला यंत्र सोबत आणतो. पेटी तेवढी आपल्याकडची असू द्यावी.